लीलाधर गेल्याची बातमी

लीलाधरला एखादी युक्ती सुचली की ती फसूही शकते, एवढंच काय ते त्याला सुचत नसे. त्या दिवशीही सकाळी सकाळी, तोंडात पेस्टचा फेस तसाच ठेवून त्याने बायकोपुढे जाहीर केलं, "आठ दिवस! आठ दिवसांत आई हसायला-बोलायला लागली नाही, तर हा लीलाधर गल्ली नंबर सहात तोंड दाखवणार नाही!"

त्याची बायको कोकिळा नरडाण्याच्या शाळेत शिकवायची. तिला सकाळची गाडी गाठायची होती. डब्याचं झाकण दाबत ती म्हणाली, "आधी ते तोंड धुऊन घ्या. पोपटाच्या वेळीही आठच दिवस म्हणाला होतात."

पोपटाचं नाव काढलं की लीलाधरचा आवाज बसे. आईला सोबत म्हणून त्याने पोपट आणला होता. पोपट रामराम म्हणेल, आई त्याला मिरची भरवेल, आणि मिरची भरवता भरवता हसेल, असा एकूण बेत. पोपट शिकला काय, तर समोरच्या तोताराम आबांसारखं खोकायला! आबाच घरात आले असं समजून कोकिळा महिनाभर दचकून पदर सावरत होती. शेवटी पोपट कोणाला तरी देऊन टाकला. आई हसली नाही ती नाहीच.

आता त्या घरातलं हसणं का बंद पडलं होतं, ते सांगायला हवं. लीलाधरचे वडील भाईदास एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊनही त्यांची सवय गेली नव्हती, घरात चारजण उभे राहिले की म्हणत, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" गेल्या वर्षी मे महिन्यात सकाळी ते दूध आणायला गेले, डेअरीच्या पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. त्या वेळी आई, म्हणजे झुंबरबाई, बोदवडला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. निरोप गेला, ती मिळेल त्या गाडीने निघाली. इकडे धुळ्याचं ऊन असं, की कौलावर टाकलेला पापड भाजून निघावा. गल्लीत कोणी गेलं की पुढची सगळी व्यवस्था तोताराम आबांकडे. कचेरीतून जमादार म्हणून निवृत्त झालेला माणूस. कामात दिरंगाई त्यांना खपत नसे. आबा म्हणाले, "लीलाधर, ऊन बघतोयस ना? संध्याकाळपर्यंत ठेवणं बरं नाही. नातेवाईक समजून घेतात." लीलाधरने मान हलवली. मान हलवायला असा कितीसा वेळ लागतो!

झुंबरबाई पोहोचली तेव्हा पांझरेच्या काठावरून माणसं परत येऊन आंघोळीही झाल्या होत्या. अंगण धुतलेलं होतं. हातातली पिशवी खाली न ठेवता तिने विचारलं, "कथा शेत?" कुठे आहेत? एका बाईने पुढे होऊन तिची पिशवी घेतली. तिने पुन्हा विचारलं नाही. आणि ती रडलीही नाही. बायकांनी तिला गळ्याशी धरलं, हुंदके दिले, आठवणी काढल्या. हीच उलट त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्या दिवसापासून लेकाशी बोलणं म्हणजे "जेवी ले" आणि "दार लाई ले", एवढंच.

तर लीलाधरची नवी युक्ती म्हणजे कॉम्प्युटर! त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. पत्रिकेचा मजकूर आता कॉम्प्युटरवर जुळवायचा, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि नाशिकच्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेलं एक जुनं यंत्र त्याने मित्राकरवी मिळवलं. मित्र म्हणजे आग्रा रोडवर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा अय्युब. छापखान्यात शाई, धूळ आणि उंदीर. म्हणून यंत्र घरी आलं आणि आईच्या खोलीत बसलं. हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखी घरघर.

अय्युबने सोबत खेळांच्या दोन फ्लॉप्याही दिल्या. "भाऊ, नीट ऐक. निळी आहे ती कोंबडीची. अंडी गोळा करायची, मावशीला आवडेल. काळी आहे ती खाणीची. ती तुझ्यासाठी. एकट्याने खेळू नको, अंगावर काटा येतो!"

लीलाधरने नीट ऐकलं, आणि काळी घातली.

पडदा अंधारला. मधोमध एक वाटोळं, शेपटीसारखी रेघ असलेलं चिन्ह उगवलं आणि यंत्राच्या पोटातून छातीच्या ठोक्यांसारखा टुक-टुक आवाज येऊ लागला. खेळाने नाव विचारलं. लीलाधरने सवयीने स्वतःचंच टाकलं. तो कोंबडी शोधत होता. कोंबडी काही येईना.

मागून आईचा आवाज आला. "हाऊ कोण शे?"

लीलाधर उडालाच. किती दिवसांनी आईने आपणहून काही विचारलं होतं! कोंबडी गेली खड्ड्यात! तो भराभरा म्हणाला, "हा माणूस आहे, आई. खाणीत उतरलाय. मागचा रस्ता ढासळलाय. हे चार बाण दाबले की चालतो."

"कसाले उतरना?"

"पोटासाठी. दुसरं कशासाठी?"

आई जवळ आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "मंग घर कव्हय येस?"

घरी कधी येतो! लीलाधरने खेळाची इंग्रजी माहिती वाचून पाहिली. खाणीतून वर जायची एकच पायरी. ती दर वेळी वेगळ्या जागी. बोगदेही दर वेळी नवे, कालची वाट आज सापडायची नाही. कंदिलात तेल थोडं. अंधारात जनावरं. आणि माणूस एकदा मेला की मेला! खेळ त्याला पुसून टाकतो. पुढे येतो तो नवा माणूस, नवी खाण; नाव मात्र तेच.

त्यातलं निम्मं त्याने आईला सांगितलं. तिने खुर्ची ओढली आणि हात बाणांवर ठेवला.

पहिला माणूस दहा पावलांतच गेला. पडद्यावर थडगं उगवलं, खाली इंग्रजीत दोन ओळी. झुंबरबाई उठली, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. संध्याकाळी कोकिळा घरी आली तर सासू ओल्या केसांनी बसलेली.

"अहो, या वेळी आंघोळ? काय झालं?"

"एक माणूस गया," झुंबरबाई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशीही. अक्षर तिला येत नव्हतं, आणि खाणीतली जनावरं म्हणजे सगळी इंग्रजी अक्षरंच. म्हणून तिने त्यांना आपली नावं ठेवली. एक वाकडं होतं तो इळा, म्हणजे विळा. एक खुर्ची. एक साप, तो तर सापच होता. आणि ती बोलायला लागली! लीलाधरशी नव्हे, त्या माणसाशी. "तठे नको जाऊ बाबा, तठे खुर्ची बशेल शे." "थांब, थांब, कंदील बारीक व्हयना." स्वयंपाकघरातून हे ऐकून लीलाधरची छाती अशी फुगे, की शर्टाच्या गुंड्यांना धोका! तो गल्लीभर सांगत सुटला, "कॉम्प्युटर! आईला कॉम्प्युटरने बोलतं केलं!"

एकच गोष्ट त्याला टोचायची. माणूस रोज मरायचा, आणि आईची रोज आंघोळ व्हायची. मग अय्युबने तोडगा सांगितला. "फायलीची नक्कल काढून ठेवू. मेला की नक्कल परत घालायची. माणूस पुन्हा उभा!"

लीलाधर धावत घरी आला. "आई, आता माणूस मेला तरी परत आणता येईल!"

झुंबरबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी सरळ डोळ्यांत पाहिलं. "मरेल माणूस परत येस?" ती म्हणाली. "मंग त्या का नही उनात?"

ते का नाही आले. लीलाधरने चप्पल घातली आणि अय्युबला तसंच कळवलं, की नक्कल नको.

आणि मग तो दिवस उजाडला. लीलाधर पत्रिकांचा कागद आणायला सकाळच्या एस.टी.ने जळगावला गेला. कोकिळा शाळेत. घरात झुंबरबाई आणि खाण. त्या दिवशीचा माणूस भारी निघाला! खुर्चीला चुकवलं, सापाला कोपऱ्यात गाठून मारलं, कंदील जपून जपून वापरला. आणि दुपार व्हायच्या आत पडद्याच्या कडेला पायरीची खूण दिसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! झुंबरबाई खुर्चीतून अर्धी उठली. एक पाऊल. आणखी एक. शेवटचं एक राहिलं, आणि कंदील विझला. अंधारातून विळा आला.

त्यानंतर त्या खोलीतून जो आवाज निघाला, तो गल्लीने वर्षभर वाट पाहूनही ऐकला नव्हता. शेजारची बेबाबाई लाटण्यासकट धावत आली.

"मावशी! काय झालं हो?"

"गया व माय! मन्हा गया!"

"कोण गेलं?"

"आत्ते तं व्हता! पायरीजोडे येईसन गया! एकच पाऊल ऱ्हायंतं व माय!"

"पण कशानं?"

"इळानी काप्या त्याले!"

बेबाबाईच्या हातातलं लाटणं पडलं. हिचा माणूस तर केव्हाच गेलेला. आता 'माझा' म्हणून उरला कोण? एकुलता एक लीलाधर! बेबाबाईने जो सूर लावला, त्याने गल्ली नंबर पाचही जागी झाली.

तोताराम आबा आले. खोली बायकांनी भरलेली, मधे झुंबरबाई ऊर बडवते आहे, आणि टेबलावर हिरवा पडदा. आबांनी चष्मा पुसला, वाकले, आणि बोट लावून एकेक अक्षर लावू लागले. "एल... आय... एल... अरे! लीलाधर लिहिलंय! पुढे... डी, ई, ए, डी..." आबा सरळ झाले. चेहरा पांढराफटक. "डेड."

"म्हणजे?"

"म्हणजे संपलं! लीलाधर डेड!"

"पण आबा, कॉम्प्युटरला कसं कळलं?"

"वायरीतून! हल्ली सगळं वायरीतूनच येतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन येतं, तसं हे आलं!"

"चुकलं असेल हो त्याचं."

"कॉम्प्युटर चुकत नसतो!" आबा कडाडले. "माणसं चुकतात, म्हणून तर सरकारने कॉम्प्युटर आणला!"

तेवढ्यात कोणी सांगितलं की पारोळ्याजवळ काहीतरी उलटलंय. उलटला होता केळ्यांचा ट्रक, आणि त्यात केळी सोडून कोणाला काही झालं नव्हतं. पण गल्लीच्या तोंडापासून मधल्या घरापर्यंत येता येता ट्रकची एस.टी. झाली, आणि टोकाच्या घरापर्यंत एस.टी. पुलावरून खाली गेली. आता शंकेला जागाच उरली नाही. आबांनी बाह्या सरसावल्या. एकजण बांबू आणायला, एकजण कापड आणायला. एकाने एस.टी.डी. बूथवरून बोदवडला फोन लावला, लीलाधरची बहीण गुलाब हिच्या शेजारच्या दुकानात निरोप दिला, "भाऊ गेला, निघा." कोकिळाच्या शाळेत फोन नव्हता; ती येईल तेव्हा बायका सांभाळतील, असं ठरलं.

अय्युबही धावत आला. रडत रडत आत शिरला, पडदा बघितला, आणि त्याचं रडं जागीच थांबलं. "आबा! अहो आबा, हा तर खेळ आहे!"

"ही काय खेळायची वेळ आहे?" आबा त्याच्यावर खेकसले. "जा, मडकं घेऊन ये!"

"अहो पण—"

"मडकं!"

अय्युब निमूट बाहेर पडला. मडक्याऐवजी तो धावत गेला बूथवर, बोदवडचं दुकान पुन्हा लावायला. तिकडून उत्तर आलं, की जीप भरून केव्हाच निघाली.

आणि आत, या सगळ्या गोंधळाच्या मधोमध, झुंबरबाई रडत होती. रडता रडता बोलत होती. "चहा ना पेता गया! मी तठे नव्हतू व माय! माले ना भेटता गया!" बायका म्हणत, "हो गं माय, हो!" आणि तिच्यासोबत रडत. त्या लीलाधरसाठी रडत होत्या. झुंबरबाईला तो हिशेब कुठला कळायला! तिला एवढंच दिसत होतं की सगळी गल्ली जमली आहे, बायांनी तिला मांडीशी धरलं आहे, बाहेर पुरुषमाणसं डोक्याला हात लावून बसली आहेत, आणि या वेळी कोणीही तिच्या आधी सगळं उरकून टाकलेलं नाही. वर्षभर साचलेलं सगळं वाहून निघत होतं.

ऊन कलायच्या सुमाराला लीलाधर कागदाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोहोचला. दारात गर्दी. दोरी. बांबू. आई! आई गेली! आपण जळगावला, आणि इकडे आई! खांद्यावरचा गठ्ठा टाकून तो धावत सुटला.

"थांबा! उचलू नका! मला बघू द्या!"

गर्दी वळली. पुढच्याने त्याला पाहिलं आणि मागच्याच्या पायावर पाय दिला. मागचा गटारात. बेबाबाई, जी बाहेर पाणी प्यायला आली होती, तिने तांब्या फेकून मारला. एकटे आबा जागेवर उभे राहिले, ते धैर्यामुळे नव्हे, तर दोरीचा वेढा त्यांच्याच पायात अडकला होता म्हणून.

"तू... तू कसा आलास?"

"एस.टी.ने! आई कुठे आहे?"

"पण तू तर गेलास ना?"

"हो, जळगावला गेलो होतो!"

"तसं नव्हे रे! तू वारलास!"

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर!"

लीलाधरने त्यांना बाजूला सारलं आणि आत घुसला. आई भिंतीला टेकून बसलेली. जिवंत! डोळे सुजून बोराएवढे झालेले, पदर भिजलेला. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर कोसळला आणि तिचे पाय धरले. बायका हळूहळू उठून बाहेर गेल्या.

झुंबरबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लिलू," ती म्हणाली, "त्यास्ले थोडा येळ ठेवतास तं काय व्हतं रे? मी येईच ऱ्हायंतू ना."

मी येतच होते ना. वर्षभर जे तिने विचारलं नव्हतं, ते आता विचारलं. लीलाधरने तोंड उघडलं. आबांनी म्हटलं, लोकांनी म्हटलं, असं बरंच काही त्याच्यापाशी होतं. तोंडातून निघालं ते एवढंच. "ऊन फार होतं, आई."

"ऊन तं मन्हा डोकावरबी व्हतं," ती म्हणाली.

तो लहान पोरासारखा तिच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागला. ती त्याला थोपटत राहिली. तिचंही चालूच होतं. बाहेर माणसांनी ऐकलं आणि कोणीही, अगदी आबांनीसुद्धा, आत डोकावून घाई केली नाही.

दिवेलागणीला बोदवडची जीप आली. तीत माणसं अशी कोंबलेली, की गुलाब दारातून उतरायच्या आधी मागच्या फळीवरून तीनजण आपोआप सांडले. गुलाब ऊर बडवत धावली, उंबऱ्याशी लीलाधरच उभा! ती क्षणभर बघत राहिली, मग तिने त्याला मिठी मारली, आणि मिठी मारून झाल्यावर जे धपाटे घातले, ते त्याला पुढे आठवडाभर कुशीवर झोपू देईनात. "मेल्या! जिवंत होतास तर फोन नाही करायचा?"

कोकिळाला एस.टी. स्टँडवरच अय्युबने गाठून खरं काय ते सांगितलं होतं. तरी ती आली ती थेट नवऱ्यापाशी. त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, आत जाऊन एवढ्या माणसांसाठी मोठं पातेलं चढवलं, आणि मग तिथेच ओट्याला धरून बराच वेळ उभी राहिली.

आता आलेली माणसं नुसती पाठवायची कशी? सगळे बसले. कोणी मेलेलं नव्हतं, पण कपडे आणि चेहरे तर मयतीचेच! मग गुलाबचा नवरा हळूच म्हणाला, "मामांनी एकदा मला तिकीट नसल्यावरून एस.टी.तून उतरवलं होतं. सख्ख्या जावयाला!" कोणीतरी हसलं. मग दुसऱ्याने एक सांगितलं, तिसऱ्याने एक. भाईदासांच्या आठवणी निघत गेल्या. झुंबरबाई मधे बसून ऐकत होती, मधून डोळे पुसत होती, आणि एकाने नातेवाइकांना "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं भाईदासांच्या आवाजात म्हटलं, तेव्हा रडता रडता ती हसली. आबा तेवढे कोपऱ्यात बांबूंकडे बघत बसले होते.

दोन दिवसांनी झुंबरबाई पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. लीलाधर धसकला. पण तिने बाणांना हात लावला नाही. म्हणाली, "लिलू, त्यास्नं नाव लिखी दे."

लीलाधरने जुनं नाव खोडलं आणि वडिलांचं लिहिलं. तिने प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, हे काय, ते काय, असं विचारून घेतलं. खाण उघडली. मधोमध माणूस उभा राहिला, कंदील भरलेला. यंत्र टुक-टुक करू लागलं. झुंबरबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"चालव ना, आई."

"नही. चालना की मरी जास."

लीलाधरने अय्युबला बोलावून विचारलं. अय्युबने डोकं खाजवलं. "मावशीचं बरोबर आहे. याने पाऊल टाकलं, तरच जनावरं पाऊल टाकतात. उभा राहिला, तर त्याला कोणी काही करत नाही. तेलसुद्धा जळत नाही."

मग काय! माणूस उभा आणि कॉम्प्युटर चालू! बंद करायचा नाही. पत्रिकांचं काम अडलं, लीलाधर पुन्हा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसला, आणि एका वराचं नाव घाईत वधूच्या जागी छापून आला. झुंबरबाई त्या खोलीत बसून भाजी निवडायची, वाती वळायची, आणि मधून मधून पडद्याशी बोलायची. गुलाबच्या बाळाला आणखी एक दात आला. बेबाबाईने नवं लुगडं घेतलं. लीलाधर वाळला, तुम्ही सांगा त्याला नीट जेवायला. आणि आता ती लीलाधरशीही बोलायची, जेवण आणि दार सोडून बाकीचंही.

एके दुपारी लीलाधर घरी जेवायला आला होता. आईच्या खोलीत ताट घेऊन बसला होता. पंखा फिरत होता. पंखा फिरता फिरता मंद झाला, यंत्राची घरघर खाली गेली, आणि पडदा चारी बाजूंनी आकसत मधोमध एक हिरवा ठिपका उरला. ठिपका थोडा वेळ राहिला. मग तोही गेला.

लीलाधरच्या हातातला घास हातातच. त्याने आईकडे बघायचं धाडस केलं नाही.

झुंबरबाईने निवडायचं सूप खाली ठेवलं. काळ्या पडद्यावर पालथा हात ठेवला. तो अजून कोमट असावा. ती म्हणाली, "गयात."

"आई, लाइट आली की पुन्हा—"

"नही." तिने मान हलवली. आवाज शांत होता. "ऱ्हाऊ दे. ये खेपले मी जोडे व्हतू."

या वेळी मी जवळ होते. ती उठली, आणि आंघोळीचं पाणी काढायला न्हाणीत गेली.

न्हाणीत पाण्याचा आवाज आला तसा समोरच्या ओट्यावरून तोताराम आबांनी कान टवकारले. भर दुपारी या घरात डोक्यावरून आंघोळ म्हणजे काय, ते आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"लीलाधर! काय रे? कोण गेलं?"

लीलाधर ताट ठेवून दारात आला. त्याने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"लाइट, आबा! लाइट गेली!"

आबा काही क्षण त्याच्या ओल्या तोंडाकडे बघत राहिले. पण या खेपेला त्यांनी घाई केली नाही. आधी घरात जाऊन स्वतःच्या पंख्याचं बटण चारदा दाबून पाहिलं, आणि मगच विश्वास ठेवला.